पापण्यांची सर्जरी जगात पहिल्या नंबरवर: नक्की गरज कुणाला आहे आणि धोका कुठे आहे?

जगात सगळ्यात जास्त कॉस्मेटिक सर्जरी कशाची होते असं विचारलं, तर बहुतेक जण नाक म्हणतील, नाहीतर पोटाची चरबी. २०२४ च्या आकडेवारीत मात्र पहिला नंबर लागला तो पापण्यांचा.

इंटरनॅशनल सोसायटी ऑफ एस्थेटिक प्लास्टिक सर्जरी म्हणजे 'आयसॅप्स' ही प्लास्टिक सर्जन्सची जागतिक संघटना दरवर्षी असा अहवाल काढते. तिच्या अंदाजानुसार २०२४ या एका वर्षात जगभरात पापण्यांच्या २१ लाखांहून जास्त कॉस्मेटिक सर्जरी झाल्या. आदल्या वर्षापेक्षा ही वाढ १३.४ टक्क्यांची आहे. लायपोसक्शनला मागे टाकून पापणी अव्वल ठरली.

आपल्याकडेही इन्स्टाग्राम उघडलं की डोळ्यांच्या 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो दिसतात. एका बाजूला थकलेले, सुजलेले डोळे आणि दुसऱ्या बाजूला एकदम टवटवीत चेहरा. खाली अपॉइंटमेंटसाठी नंबर.

या सर्जरीबद्दल एक गोष्ट मात्र रील्समध्ये फारशी सांगितली जात नाही. पापणी खाली आल्यामुळे ज्यांना खरोखर कमी दिसतंय, ते 'वय झालं' म्हणून गप्प बसतात. आणि ज्यांचा प्रश्न या सर्जरीने सुटणारच नाही, तेही क्लिनिकची पायरी चढतात. या दोन्ही चुका टाळायच्या असतील, तर आधी विषय नीट समजून घ्यावा लागेल.

हा आकडा नेमका कशाचा आहे?

२१ लाखांच्या आकड्याचा अर्थ सगळं जग म्हातारपण लपवायला निघालंय असा नाही. या सर्जरीला ब्लेफॅरोप्लास्टी म्हणतात आणि तिच्यात दोन वेगळ्या गोष्टी येतात.

एक म्हणजे पूर्व आशियातली 'डबल आयलिड' सर्जरी. तिकडच्या बऱ्याच लोकांच्या वरच्या पापणीवर जन्मतः घडी नसते, ती सर्जरीने तयार केली जाते. जपानमध्ये १८९६ मध्ये याबद्दलचं पहिलं वैद्यकीय लेखन झालं होतं. ही सर्जरी करून घेणाऱ्यांत तरुणांचं प्रमाण मोठं असतं.

दुसरी म्हणजे वयामुळे ओघळलेल्या पापण्यांची सर्जरी. आपल्याकडे चर्चा असते ती मुख्यतः हिची. यात पुरुषही मागे नाहीत. दक्षिण कोरियाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रोह मू ह्यून यांनी २००५ मध्ये पदावर असतानाच खाली आलेल्या पापण्यांवर सर्जरी करून घेतली होती आणि ती बातमी जगभर गेली होती.

मागणी वाढण्याची कारणं शोधायला फार लांब जायला नको. कोरोनाच्या काळात मास्कमुळे चेहऱ्याचा दिसणारा भाग म्हणजे फक्त डोळे उरले होते. व्हिडिओ कॉलवर माणूस तासनतास स्वतःचाच चेहरा बघायला लागला. त्यात फोनचा कॅमेरा जवळून चेहरा जसाच्या तसा दाखवत नाही. साधारण १२ इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाक प्रत्यक्षापेक्षा जवळपास ३० टक्के रुंद दिसतं, असं २०१८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी गणित मांडून दाखवलं होतं. त्यामुळे सेल्फी बघून चेहऱ्याचा निर्णय घेणं ही सुरुवातच चुकीची.

वयानुसार पापणीला होतं काय?

पापणीची त्वचा शरीरातली सगळ्यात पातळ त्वचा असते. ती दिवसभरात हजारो वेळा उघडझाप करते. वय, ऊन, धूम्रपान आणि डोळे चोळण्याची सवय यामुळे त्वचेतला ताण कमी होत जातो. त्वचेखाली डोळ्याभोवतीची चरबी जागेवर धरून ठेवणारा एक पातळ पडदा असतो. तोही सैल पडतो आणि चरबी पुढे येते.

'डोळे उतरले' असं आपण सरसकट म्हणतो. त्यामागे किमान चार वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात आणि प्रत्येकीचा उपाय वेगळा आहे.

पहिली, वरच्या पापणीची जादा त्वचा. ती घडी होऊन खाली येते, कधीकधी थेट पापणीच्या केसांवर टेकते. ब्लेफॅरोप्लास्टीचा खरा विषय हा आहे.

दुसरी, पापणी उचलणारा स्नायू सैल पडणं. याला टोसिस म्हणतात. इथे त्वचा नाही, तर पापणीची कडाच खाली आलेली असते. एरवी वरची पापणी डोळ्याच्या काळ्या भागाचा वरचा एक-दोन मिलिमीटर भाग झाकते. टोसिसमध्ये ती त्याहून खाली येऊन बाहुलीपर्यंतही पोहोचू शकते. अशा वेळी नुसती त्वचा कापून काही होत नाही, स्नायूवर काम करावं लागतं.

तिसरी, भुवई खाली सरकणं. कपाळ आणि भुवई उतरली की सगळा भार पापणीवर येतो. दोष भुवईचा आणि त्वचा कापली पापणीची असं झालं, तर भुवई आणखी खाली ओढली जाऊ शकते.

चौथी, खालच्या पापणीच्या पिशव्या. झोप कमी झाल्याने किंवा खारट खाल्ल्याने आलेली सूज दिवसभरात उतरते. पुढे आलेली चरबी उतरत नाही. कोणतंही क्रीम किंवा काकडीची चकती ती विरघळवू शकत नाही.

यातलं आपलं नेमकं काय आहे हे डॉक्टर तपासूनच सांगू शकतात. व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला आणि पलीकडून थेट पॅकेजचा दर आला, तर समजा की तपासणी झालेलीच नाही.

सर्जरीत करतात काय?

वरच्या पापणीत नैसर्गिक घडीच्या रेषेवर छेद घेतात, मोजून ठरवलेली जादा त्वचा काढतात, गरज असेल तर थोडी चरबी काढतात आणि बारीक टाके घालतात. व्रण घडीत लपतो. बहुतेक वेळा ही सर्जरी त्या जागेला भूल देऊन होते आणि त्याच दिवशी घरी जाता येतं.

खालच्या पापणीचे दोन मार्ग आहेत. फक्त पिशव्या असतील तर पापणीच्या आतल्या बाजूने चरबी काढता येते किंवा खालच्या खळगीत सरकवता येते. बाहेर व्रण दिसत नाही. त्वचाही सैल असेल तर पापणीच्या केसांखालून बाहेरून छेद घ्यावा लागतो.

टाके साधारण पाच ते सात दिवसांत काढतात. सूज आणि काळेनिळेपणा उतरायला दहा दिवस ते दोन आठवडे लागतात. व्रण फिका होऊन अंतिम परिणाम दिसायला काही महिने जातात. त्यामुळे 'शुक्रवारी सर्जरी आणि सोमवारी ऑफिस' अशी जाहिरात दिसली की जरा थांबा.

आणि एक, चांगली सर्जरी अनेकदा कमी कापणारी असते. जास्त त्वचा काढली गेली तर डोळा पूर्ण मिटत नाही. राहिलेली त्वचा नंतर काढता येते, कापून टाकलेली परत जोडणं अवघड असतं.

ज्यांना खरंच गरज असते, ते का येत नाहीत?

घरातल्या साठी-सत्तरीच्या माणसांकडे जरा लक्ष द्या. टीव्ही बघताना किंवा बसचा नंबर वाचताना ते हनुवटी वर करतात का? सतत भुवया उंचावल्यामुळे कपाळावर खोल आठ्या पडल्यात का? संध्याकाळी कपाळ दुखतं, पापण्या जड झाल्या अशी तक्रार असते का? वाचताना बोटाने पापणी वर धरतात का?

ही लक्षणं दिसत असतील तर प्रश्न दिसण्याचा राहिलेला नाही, नजरेचा झाला आहे. पापणी वरचं आणि कडेचं दृश्य झाकते. असा माणूस टू-व्हीलर चालवत असेल, तर चौकातला उंचावरचा सिग्नल किंवा बाजूने येणारी रिक्षा त्याला उशिरा दिसू शकते. जिना उतरताना किंवा गर्दीत चालतानाही हे जाणवतं.

हे मोजता येतं. नेत्रतज्ज्ञांकडे 'व्हिज्युअल फील्ड' नावाची तपासणी असते. ती एकदा पापणी आहे तशी ठेवून आणि एकदा चिकटपट्टीने वर उचलून केली, की पापणीमुळे किती दृश्य झाकलं जातंय ते कागदावर येतं.

तरीही ही माणसं डॉक्टरकडे जात नाहीत. आपल्याकडे मोतीबिंदूचं ऑपरेशन हा उपचार समजला जातो आणि पापणीचं ऑपरेशन म्हणजे या वयात कसले नखरे. आईने किंवा आजोबांनी असं काही बोलून दाखवलं तर घरातलेच हसतात. 'कॉस्मेटिक' या एका शब्दामुळे गरजेचा उपचारही चैनीच्या खात्यात जातो.

आणि ज्यांचा प्रश्न यातून सुटत नाही?

आपल्याकडे डोळ्यांबाबतची सगळ्यात मोठी तक्रार असते काळ्या वर्तुळांची. ती अनेकदा त्वचेतल्या रंगद्रव्यामुळे असतात. घराण्यात चालत आलेली असतात, अॅलर्जीमुळे डोळे चोळल्याने वाढतात. चरबी काढून हा रंग जात नाही. कधी वर्तुळ हे पिशवीची सावली असतं, तेव्हा फरक पडू शकतो. तुमचं यातलं कोणतं, हे सर्जरीआधी विचारायलाच हवं.

डोळ्याखालच्या खळगीत फिलर भरणं हा पर्याय 'सर्जरी नाही, काही होत नाही' असं म्हणून विकला जातो. तेही खरं नाही. फिलर चुकून रक्तवाहिनीत गेलं तर क्वचित प्रसंगी दृष्टी जाऊ शकते. सुईने होणारी गोष्ट म्हणजे ब्युटी पार्लरची गोष्ट नव्हे.

पापण्यांच्या कोपऱ्यात पिवळसर चपटे डाग असतील तर ते काढून टाकण्याआधी कोलेस्टेरॉल तपासून घ्या. अशा अनेकांच्या रक्तात ते वाढलेलं सापडतं. डाग काढला आणि कोलेस्टेरॉल तसंच राहिलं, तर मुद्दाच हुकला.

पापणी पडणं ही धोक्याची घंटा कधी?

वयामुळे पापणी हळूहळू, वर्षानुवर्षं उतरते. एका दिवसात किंवा काही तासांत एकच पापणी पडली, सोबत तीव्र डोकेदुखी असेल, एकाचे दोन दिसत असतील, एक बाहुली मोठी झाली असेल, तोंड वाकडं झालं असेल किंवा हात-पाय कमजोर वाटत असतील, तर तातडीने मोठं हॉस्पिटल गाठा. मेंदूतल्या रक्तवाहिनीचा फुगा किंवा पक्षाघात यामागे असू शकतो.

सकाळी बरी असलेली पापणी संध्याकाळपर्यंत पडत असेल, तर मायस्थेनिया हा स्नायूंचा आजार आहे का ते बघावं लागतं. थायरॉइडमुळेही पापण्या सुजतात आणि डोळे बाहेर आल्यासारखे दिसतात. या रुग्णांना आधी आजाराचा उपचार हवा, सुरीचा प्रश्न नंतरचा.

सर्जरीचा धोका किती?

खरं उत्तर असं की बहुतेक सर्जरी नीट होतात आणि गंभीर धोका दुर्मीळ आहे. पण तो शून्य नाही.

काही काळ डोळे कोरडे होणं, पाणी येणं, खाज, दोन्ही डोळ्यांत थोडा फरक राहणं हे तुलनेने नेहमीचं. डोळा नीट न मिटणं किंवा खालची पापणी खाली ओढली जाणं हे त्याहून त्रासाचं, कधी त्यासाठी पुन्हा सर्जरी लागते.

सगळ्यात गंभीर धोका म्हणजे डोळ्यामागे रक्तस्राव होऊन दृष्टीच्या नसेवर दाब येणं. अमेरिकेतल्या सर्जन्सच्या सुमारे २ लाख ६९ हजार केसेसची पाहणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली होती. त्यात असा रक्तस्राव साधारण दर २,००० मागे एकाला, तर त्यामुळे कायमची दृष्टी जाणं दर २२,००० मागे एकाला झाल्याचं आढळलं.

हे आकडे प्रशिक्षित डोळ्यांच्या प्लास्टिक सर्जन्सचे आहेत, हे विसरू नका. सर्जरीनंतर, विशेषतः पहिल्या २४ तासांत, एका डोळ्यात वाढत जाणारं तीव्र दुखणं, डोळा पुढे येणं किंवा अंधुक दिसणं सुरू झालं, तर सकाळची वाट बघायची नसते. इथे मिनिटं मोजली जातात. रात्री दोन वाजता तुमचा फोन कोण उचलणार, हे म्हणूनच सर्जरीआधी ठरायला हवं.

रक्त पातळ करणारी औषधं घेत असाल तर ती डॉक्टरांना सांगा. फिश ऑइल, लसणाच्या कॅप्सूल, आयुर्वेदिक गोळ्या, सगळं सांगा. पण हृदयरोगासाठी सुरू असलेली गोळी मनाने बंद करू नका, तो निर्णय हृदयाच्या डॉक्टरांचा. डोळे कोरडे असतील, काचबिंदू असेल किंवा नुकतीच चष्म्याचा नंबर घालवायची लेसर सर्जरी झाली असेल, तर तेही लपवू नका.

मग रील्सवर एवढं बिनधास्त कसं चालतं?

नॅशनल मेडिकल कमिशनने २ ऑगस्ट २०२३ ला डॉक्टरांच्या वर्तनाचे नवे नियम जाहीर केले होते. सोशल मीडियावर रुग्णांचे अनुभव मागणं किंवा शेअर करणं टाळा, सर्जरीचे आणि भारी रिझल्टचे फोटो-व्हिडिओ टाकू नका, असं त्यात होतं. पण इतर काही तरतुदींवरून, विशेषतः जेनेरिक औषधं लिहून देण्याच्या सक्तीवरून, वाद पेटला आणि २३ ऑगस्टला सगळे नियमच स्थगित झाले. सोशल मीडियाचा भागही त्यांच्यासोबत बाजूला पडला.

त्यानंतर २००२ च्या जुन्या नियमांकडे परत जावं लागलं. जाहिरात करून रुग्ण ओढू नका असं ते सांगतात. पण ते बनले तेव्हा इन्स्टाग्राम जन्मालाही आलं नव्हतं.

दुसरा प्रश्न, सुरी कुणाच्या हातात आहे? २०२५ मध्ये कानपूरमध्ये हेअर ट्रान्सप्लांटनंतर दोन इंजिनिअर्सचा मृत्यू झाल्याचं प्रकरण गाजलं. त्यात दंतवैद्यकाची पदवी असलेल्या क्लिनिकचालकावर गुन्हा दाखल झाला. विषय केसांचा होता, पण बाजार तोच आहे. कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर बघून अशा प्रक्रिया सुरू करणं म्हणजे पुरेसं प्रशिक्षण नव्हे, असं नॅशनल मेडिकल कमिशनने २०२२ मध्येच बजावलं होतं.

विमा मिळतो का?

साधारणपणे नाही. विमा नियामक आयआरडीएआयच्या ठरवून दिलेल्या अपवादांमध्ये कॉस्मेटिक सर्जरी येते. अपघात, भाजणं, कॅन्सर यानंतरची पुनर्रचना किंवा आरोग्याचा थेट धोका दूर करण्यासाठी डॉक्टरांनी लेखी प्रमाणित केलेला उपचार एवढीच सूट आहे. नजर झाकली जात असेल तर तपासणीचा रिपोर्ट आणि फोटो जोडून विमा कंपनीला आधी लेखी विचारा. मंजुरी आपोआप मिळेल असं धरून चालू नका.

जीएसटीतही असाच भेद आहे. आरोग्यसेवेला करमाफी आहे, पण कॉस्मेटिक सर्जरीला नाही. जन्मजात दोष, वाढीतलं व्यंग, इजा किंवा अपघात यासाठीची सर्जरी यातून सुटते. वयामुळे ओघळलेली त्वचा या यादीत बसत नाही. म्हणून दर विचारताना करासकट विचारा, आणि त्यात ऑपरेशन थिएटर, भूल, औषधं आणि नंतरच्या तपासण्या धरल्या आहेत का, हेही.

होकार देण्याआधी हे विचारा

- डॉक्टरांची पदवी काय? नेत्रविकारातलं एमएस किंवा डीएनबी आणि त्यानंतर ऑक्युलोप्लास्टीचं प्रशिक्षण, किंवा प्लास्टिक सर्जरीतलं एमसीएच अथवा डीएनबी हवं. पाटीवर नुसतं 'कॉस्मेटॉलॉजिस्ट' लिहिलेलं पुरेसं नाही.
- त्यांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या किंवा तुमच्या राज्याच्या कौन्सिलच्या यादीत आहे का? वेबसाइटवर स्वतः शोधा.
- माझा प्रश्न त्वचेचा, स्नायूचा, भुवईचा की चरबीचा?
- दृष्टी, डोळ्यांचा कोरडेपणा आणि डोळा नीट मिटतो का, हे तपासलं का?
- ज्यांनी तपासलं तेच सर्जरी करणार का? रात्री अडचण आली तर कुणाला फोन करायचा?
- सर्जरी केलीच नाही तर काय होईल?

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. 'काही नाही, फक्त दिसायला असंच राहील' असं उत्तर आलं, तर तुमच्यावर कसलीच घाई नाही. आज पैसे भरले तर डिस्काउंट अशी ऑफर असेल, तर उद्याच या.

संमतीपत्र घरी नेऊन वाचा, त्याची प्रत आणि सर्जरीआधीचे फोटो स्वतःकडे ठेवा. कोणत्या प्रक्रियेसाठी संमती दिली, धोके आणि पर्याय काय, हे रुग्णाला कळलेलं असलं पाहिजे, असं सुप्रीम कोर्टाने २००८ च्या समीरा कोहली खटल्यात स्पष्ट केलं आहे. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे तर १९९५ पासून ठरलेलं आहे. फोटो रीलमध्ये वापरायची परवानगी सर्जरीच्या संमतीत मिसळलेली नाही ना, हेही बघा.

चांगलं दिसावंसं वाटणं यात काही चूक नाही, आणि स्वतःच्या पैशाने सर्जरी करून घेणाऱ्याला टोमणे मारायचंही कारण नाही. पण तो निर्णय फिल्टर लावलेल्या फोटोवरून नको, तपासणीनंतर घ्यायला हवा. आणि घरात कुणी हनुवटी वर करून टीव्ही बघत असेल, तर त्यांना एकदा नेत्रतज्ज्ञांकडे घेऊन जा. कदाचित त्यांना चष्म्याचा नवा नंबर नाही, तर फक्त पापणी थोडी वर हवी असेल.